भाई आणि मंत्रांचे निकाल

प्रिय सई आणि निहार,

परवा फोनवर तुम्ही तुमच्या शनिवारच्या खेळाबद्दल सांगत होतात आणि मध्येच निहार म्हणाला, "जाऊ दे आज्जी, तुला नाही कळणार." मी विषय बदलला, कारण जे सांगायचं होतं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तो खेळ मला कळतो. आपल्या घरामागे, भाईंच्या पडवीत, मी तो कित्येक वर्षं पाहिला आहे. त्याचं ते जाड पुस्तक माझ्या मांडीवर असायचं. आधी खेळ सांगते, मग भाई.

खेळ तुम्हाला ठाऊकच आहे, पण हे तुमची आईही वाचेल. एकाने गोष्ट सांगायची: समोर डोंगर आहे, गुहेत उजेड दिसतो आहे. बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, कुणी शिपाई, कुणी मांत्रिक, आणि आपण काय करतो ते बोलायचं. जमलं की नाही ते फासे ठरवतात. मांत्रिकाचे मंत्र पुस्तकात दिलेले असतात. कुठल्या मंत्राने काय होतं, किती वेळ, किती अंतरापर्यंत, सगळं छापलेलं. वाचताना वाटतं, लिहिणाऱ्याने काही शिल्लक ठेवलेलं नाही. खेळायला बसलं की कळतं, नेमकं आपल्याला हवं तेच त्याने सांगितलेलं नसतं. अशा वेळी गोष्ट सांगणाऱ्याने निकाल द्यायचा असतो. आमच्याकडे तो भाई देत.

भाई जन्मभर मालाच्या बोटींवर इंजिनाला तेल घालत फिरले. एका लांबच्या सफरीत एका स्कॉटिश इंजिनियर पोराने त्यांना हा खेळ शिकवला आणि बोट सोडताना पुस्तक आणि फासे त्यांनाच देऊन टाकले. कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती तेव्हा भाई कायमचे घरी आले. बायको आधीच गेलेली, मुलगा महेश वाशीला नोकरीला. इंजिनाच्या आवाजाने कान अर्धे गेल्यामुळे ते मोठ्याने बोलत; खाजगी असं त्यांच्या घरात काही राहतच नसे. लुंगी साधी, पण वर इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. चष्मा मासे पकडायच्या तंगुसाने बांधून गळ्यात. खिशात कोकमाची सोलं, ती चघळत बसायचे.

त्यांच्याकडे खेळायला दोघं येत. सुमल मासे विकायची. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या की तिला दुपारी रिकामपण असे. दुसरा गजा रिक्षावाला, त्याला बाराही महिने रिकामपण असे. सुमल मांत्रिकीण झाली आणि गजा शिपाई. मी खेळात कुणीच नव्हते. पुस्तकातलं इंग्रजी अवघड आणि भाईंचं इंग्रजी बोटीवरचं, म्हणून मला बोलावलं गेलं. मी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, शिस्तीची बाई. जिथे नियम आहे तिथे उत्तर असतं, अशी माझी समजूत. "बाईनू, काय म्हणता पुस्तक?" असं भाई विचारत, मी वाचून मराठीत सांगे, आणि मग खरं भांडण सुरू होई.

एकदा सुमलने गजाच्या शिपायाला अदृश्य केलं. पुस्तकात लिहिलं होतं की अदृश्य झालेल्याने कुणावर हल्ला केला की तो त्याच क्षणी दिसू लागतो. गजाचा शिपाई चाच्यांच्या होडीपाशी गेला. आत चाचे झोपलेले. त्याने होडीचा दोर सोडला. होडी वाहत गेली आणि खडपावर आपटून फुटली.

"आता दिसतलंस तू," सुमल म्हणाली. "हल्लो केलंस."

"कोणाक हात लावलंय मी?" गजा उसळला. "दोर सोडलंय. दोर सोडणां म्हंजे हल्लो? मगे सकाळी होडी सोडतत ते सगळे हल्लेच करतत काय?"

"मेल्या, फुडे खडप आसा ता तुका म्हायत होता!"

"बाई, पुस्तकात दोराचा काय लिवलेला आसा?"

पुस्तकात दोराचं काही नव्हतं. मी तसं सांगितलं. भाई उठले, चपला घातल्या आणि विहिरीवर गेले. निकाल द्यायच्या आधी ते नेहमी विहिरीत डोकावून येत. काय बघता म्हणून मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, "काय नाय. हय बसान तुमची तोंडां दिसतत, मगे इचार करूक होणां नाय." परत येऊन त्यांनी गजाला विचारलं, "दोर सोडलंस तेव्हा तुझ्या मनात काय होता?"

"ते बुडूक व्हये, ह्याच."

"मगे दिसलंस."

"मनातला कोण बघता?"

"कोण नाय बघणा. तूच आता सांगलंस."

गजा कपाळावर हात मारून म्हणाला, "फुडच्या वेळेक सांगूचंय नाय."

"सांगा नको. मगे माका अंदाज करूचो लागात. आणि माझो अंदाज तुका आवडाचो नाय."

भाईंची पद्धत ही अशी. शब्दांत उत्तर नसेल तर ती गोष्ट करणाऱ्याच्या मनात काय होतं ते बघायचं. मनातलं कळत नसेल तर खेळणाऱ्याच्या बाजूने निकाल द्यायचा. आणि एकदा दिलेला निकाल फिरवायचा नाही, तो चुकला असं स्वतःला वाटलं तरी. मला हे शेवटचं पटत नसे. मी एकदा वाद घातला. ते म्हणाले, "बाईनू, निकाल फिराक लागलो की मगे खेळणारो माझ्या तोंडाकडे बघीत बसतलो. तेना गोष्टीत बघूक व्हया."

त्या पुस्तकातला सगळ्यांत मोठा मंत्र इच्छेचा. जे मागाल ते मिळतं, पण शब्दांत जी फट राहील तिच्यातून गोष्ट सांगणाऱ्याने हवा तसा घोटाळा करावा, अशी पुस्तकाचीच परवानगी. गजाने एकदा सुमलकरवी सोन्याने भरलेलं गलबत मागितलं. भाईंनी दिलं, वाळवंटाच्या मध्यावर. पुढे गजाच्या शिपायाचा एका राक्षसिणीने दगड केला आणि त्याला सोडवायला सुमलकडे तोच एक मंत्र उरला. गजा रडकुंडीला आला. "सुमलबाय, नीट बोल गो. माझो खेळ तुझ्या जिभेर आसा."

सुमल उठली. तिने पदर खोचला, तुळशीकडे तोंड करून हात जोडले आणि देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ही सुमल तुझ्या पायाकडे इली हा ती कित्याक? तर ह्या गज्याच्या शिपायाचो दगड झालो हा, तेचो परत माणूस होवंदे!"

"व्हय म्हाराजा!" गजा सवयीने ओरडला.

"जसो होतो तसोच होवंदे. हातपाय जाग्यार होवंदेत. डोक्यात अक्कल होती तितकीच होवंदे, जास्त देव नको, तेका सोसाची नाय!"

"व्हय... अगो!"

"आताच्या आता होवंदे, शंभर वर्सांनी नको. हयच होवंदे, समुद्राच्या तळाक नको. तेच्या बदल्यात दुसऱ्याचो दगड करू नको. आणि ह्या भाईच्या मनात काय वाकडा असात, तर ता तेच्याच पदरात घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

भाई विहिरीवर गेलेच नाहीत. ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चष्मा पुसून म्हणाले, "मंजूर. हेच्यात मुंगी शिराक जागा नाय." त्या दिवसापासून आमच्या पडवीतले मोठे मंत्र गाऱ्हाण्यातच म्हटले जाऊ लागले. तुमच्याकडे असं कुणी करत असेल असं वाटत नाही.

दर रविवारी सकाळी महेशचा फोन येई. भाईंना ऐकू येत नसे म्हणून दोघेही ओरडत आणि सगळ्या वाडीला कळे. "बाबा, आता इकडे या. एकटे किती दिवस राहणार?" "येतंय रे येतंय. तुझ्याकडेच येवचा आसा शेवटी." दुपारी सुमलने बांगडे आणले की तिला तेच सांगत, "माका हयसून कोण हलवूचो नाय. मेलंय तरी हयच." मी दोन्ही ऐकलेलं. एकदा न राहवून विचारलं, "भाई, यातलं खरं कुठलं?"

"दोनय खरी. झीलाक सांगलंय ता झीलासाठी खरा. सुमलेक सांगलंय ता सुमलेसाठी."

"आणि तुमच्यासाठी?"

त्यांनी माझ्याकडे सोलांचा हात पुढे केला. "खावा, आंबट आसत." मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मी परत विचारलं नाही.

मग एका श्रावणात, सुमल सकाळी चहाला म्हणून डोकावली तर भाई पडवीत खाली पडलेले. आधी ओरोसच्या सरकारी इस्पितळात नेलं, तिथून कोल्हापूरला. जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि बोलणं पूर्ण गेलं. घरी आणलं तेव्हा महेश रजा घेऊन आला होता. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की मुंबईत नेऊन रोज व्यायाम करून घेतला तर वाचा थोडी परत यायची शक्यता आहे. शक्यता, एवढंच ते म्हणाले. हेही म्हणाले की अशा माणसाला ओळखीच्या जागेतून हलवल्यावर कधीकधी तो आणखी मिटतो. दोन्ही गोष्टी त्यांनी सारख्याच आवाजात सांगितल्या.

महेश चांगला मुलगा आहे. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण वाडीत त्याच्याबद्दल नंतर बरंच बोललं गेलं. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, मला त्यांना ओढून न्यायचं नाही. त्यांना काय हवंय तेवढं मला कळू दे. तुम्ही लोक त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखता." असं म्हणताना त्याला किती लागलं असेल ते मला दिसत होतं.

आम्ही चौघं भाईंच्या खाटेभोवती बसलो. मी सर्वांत वडील, म्हणून विचारायचं काम माझ्याकडे आलं.

"भाई, महेशबरोबर मुंबईला जायचं?"

भाईंनी मान हलवली. हो.

महेशने श्वास सोडला. पण मला शिस्तीने दुसरी बाजूही विचारायची होती. "भाई, इथेच राहायचं?"

त्यांनी तशीच मान हलवली. हो.

सुमल पुढे सरकली. "भाई, मी सुमल. माका वळाखतास मां?" हो. "ह्यो गजो हुशार आसा?" हो. गजा हसला, आम्ही सगळेच हसलो, आणि भाईही अर्ध्या तोंडाने हसले. क्षणभर वाटलं, पडवीतलीच दुपार आहे.

मग गजाने हळू विचारलं, "भाई, आमी इचारतो ता तुमका कळता?"

हो.

"कळणा नाय?"

हो.

भाई एकेकाकडे बघत होते, डोळे अगदी जागे. त्या डोळ्यांमागे सगळं होतं की काहीच नव्हतं, हे मी आजही सांगू शकत नाही. ते आमच्यासारखेच वाट बघत असल्यासारखे दिसत होते.

शेवटी सुमल म्हणाली, "देवीक कौल लावया."

आपल्याकडचा कौल तुम्ही लहानपणी पाहिलेला नाही. गुरव देवीच्या मूर्तीवर दोन्ही अंगांना ओले कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे थांबतात. उजवा कळा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. मी अशा गोष्टींना जाणारी नव्हे, पण त्या दिवशी गेले. दुसरं काही सुचत नव्हतं.

गुरवाने सरळ प्रश्न घातला असता. पण सुमल त्याच्या मागे उभी होती आणि तिला एकही फट राहू द्यायची नव्हती. गुरव म्हणाला, "बा देवी माऊली, ह्या तुझ्या लेकराक हयच ठेवचा काय?" मागून सुमल, "आणि बरा कर म्हणा." "आणि बरा कर." "झीलाच्या नोकरीक धक्को नको म्हणा." "झीलाच्या नोकरीक धक्को नको." "आणि जावचाच लागला तर सुखान जावंदे, आणि परत हाड म्हणा. परत हाड, ता इसरा नकात!" परत आण, हेही गुरवाने म्हटलं. आम्ही "व्हय माऊली" म्हणत होतो, महेशही म्हणत होता.

उजवा कळा पडला. लगेच, टपकन.

सुमलने गाभाऱ्यासमोर लोटांगण घातलं. उठली ती डोळे पुसत. "ठेवा म्हटल्यान! ऐकलास मां? हयच ठेवा म्हटल्यान."

पायऱ्या उतरताना महेश म्हणाला, "सुमलताई, सुखान जावंदे आणि परत हाड, तेकाय व्हय म्हटल्यान मां?"

सुमल जागच्या जागी थांबली. मग वळून देवळात गेली. "गुरवानू, कळो कित्याक पडलो?"

गुरव म्हातारा, कंटाळलेला. "बाये, इतक्या सगळ्याक एकच कळो पडलो. त्यातल्या खयच्याक पडलो ता माका कसा सांगाक येतला?"

"मगे परत लावा. आता एकच इचारतंय."

"एकदा देवीन व्हय म्हटल्यार परत इचारूचा नाय. तेना तुझो तिच्यार इश्वास नाय असो अर्थ होता."

सुमल खांबाला टेकून खाली बसली. आमच्या पडवीत ज्या गाऱ्हाण्यात मुंगी शिरायला जागा नव्हती ते तिनेच घातलं होतं, आणि देवळातही तिने तसंच केलं होतं, जिवापाड. गजा चिडून म्हणाला, "एकच गोष्ट इचारूची तर..." आणि तिचा चेहरा बघून पुढचं गिळलं. आम्ही परत निघालो. या असल्या शब्दांतून अर्थ काढणारा माणूस वाडीत एकच होता, आणि तो खाटेवर पडून प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता.

दुसऱ्या दिवशी महेशने सुमलला विचारलं, "कूस कोण बदलणार त्यांची, सुमलताई? दर थोड्या वेळाने बदलावी लागते."

"मी बदलीन."

"पहाटे तू बंदरावर लिलावाला जातंस."

"नाय जावचंय."

"मगे खातलंस काय?"

महेश काही जिंकल्यासारखा दिसत नव्हता. तो पडवीच्या कठड्यावर बसला आणि तोंडावर हात घेऊन रडला, आणि सुमलच त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. तिकिटं काढली त्याला कुणी निकाल म्हटलं नाही. उचलायचं काम महेशचं होतं; त्याला ते जिथे जमलं असतं तिथे भाई गेले, इतकंच.

वाशीहून फोन येत राहिले. वाचा आली नाही. पुढच्या वर्षी भाई तिकडेच वारले. त्याबद्दल मला लिहिण्यासारखं काही माहीत नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कुडाळ स्टेशनवर.

गाडी तिथे फार थांबत नाही. गजा, महेश आणि एक हमाल यांनी भाईंना खुर्चीसकट डब्यात चढवलं. इस्त्रीचा शर्ट सुमलने सकाळी घातला होता, बाह्यांची बटणं लावून. त्यांना खिडकीशी बसवलं, पाठीशी उशी दिली. महेश सामान लावत होता. सुमल खिडकीपाशी उभी राहून सांगत होती, जेवा वेळेर, औषध थुकून टाकू नकात, आणि भाई मान हलवत होते.

शिट्टी झाली. गाडीला हिसका बसला, आणि भाईंचा डावा हात, तो चांगला हात, वर आला आणि त्यांनी खिडकीचा गज धरला. घट्ट. बोटांचे सांधे पांढरे दिसत होते.

"बाई, बगलास?" सुमल माझा दंड धरून ओरडली. "धरल्यान! जावचा नाय तेका! गज धरल्यान तेनी!"

"गाडी हालली म्हणान धरल्यान गो," गजा म्हणाला. "सगळेच धरतत."

सुमल खिडकीबरोबर चालू लागली, मग धावू लागली. "भाई! कित्याक धरलास? भाई!" आतून महेशचा हात आला. भाईंचं कोपर बाहेर येत होतं, ते लागेल म्हणून तो त्यांची बोटं गजावरून सोडवायला लागला. एक सुटलं की भाई दुसरं घट्ट करत. महेश खाली वाकून त्यांच्या कानाशी मोठ्याने काहीतरी विचारत होता. फलाट संपला तिथे सुमल थांबली. भाई तिच्याकडे बघत होते, हात गजावर, आणि मान हलवत होते.

तुमची,
आज्जी